बिनविजारीचे प्रवासी

२००२ सालच्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत, सहा नंबरच्या गाडीत, एक तरुण चढला. अंगात हिवाळी कोट, गळ्यात मफलर, पायात बूट-मोजे आणि कमरेखाली फक्त चड्डी. पुढच्या स्टेशनावर तसाच दुसरा चढला, त्याच्या पुढच्या स्टेशनावर तिसरा. कोणी कोणाला ओळख दाखवत नव्हते. कोणी विचारलेच, तर पँट घालायची राहून गेली, एवढेच निरागस उत्तर. सात स्टेशनांत असे सात जण जमले. आठव्या स्टेशनावर एक मुलगी मोठी पिशवी घेऊन डब्यात शिरली आणि एका डॉलरला एक पँट विकू लागली.

हा बनाव रचणारा चार्ली टॉड २००१ साली नट होण्यासाठी न्यूयॉर्कला आला होता. रंगमंच मिळत नव्हता, म्हणून त्याने शहरालाच रंगमंच केले. आधी एका बारमध्ये त्याने बेन फोल्ड्स या गायकाचे सोंग वठवले आणि ते खपले. त्यातून ‘इम्प्रॉव्ह एव्हरीव्हेअर’ हा गट निघाला. उत्स्फूर्त नाट्य, पण कुठेही, आणि प्रेक्षकाला तो प्रेक्षक आहे हे न सांगता.

त्यासाठी भुयारी रेल्वेइतकी चांगली जागा नव्हती. १९०४ पासून चालणाऱ्या या गाड्यांत एक अलिखित शिस्त आहे: शेजाऱ्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल, पण नजरेला नजर भिडायची नाही. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन याने १९६३ च्या आपल्या पुस्तकात या सभ्य दुर्लक्षाला शास्त्रीय नाव दिले. पुढे मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ले मिलग्रॅम याने ही शिस्त मोडून पाहिली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचे विद्यार्थी न्यूयॉर्कच्या गाडीत धडधाकट प्रवाशांपुढे उभे राहून, काहीही कारण न देता, ‘आपली जागा मला द्याल का?’ असे विचारत. ६८ टक्के लोकांनी उठून किंवा सरकून जागा दिली. मला या आकड्यापेक्षा विचारणाऱ्यांची अवस्था बोलकी वाटते. स्वतः मिलग्रॅमच्याही तोंडून शब्द फुटेना, आणि जागा मिळाल्यावर ती मागणे रास्त ठरावे म्हणून आपण आजारी दिसले पाहिजे, असे त्याला वाटू लागले. टॉडच्या साथीदारांनी नेमके तेवढेच टाळले. त्यांनी आजारी दिसायचे नाकारले, लाज बाळगायचे नाकारले. मग लाजायचे कोणी, हा प्रश्न उरलेल्या डब्यावर आला आणि डबा हसू लागला.

ते हसू मात्र सर्वांच्या वाट्याला येत नाही. याच गाड्यांत कडाक्याच्या थंडीत बेघर माणसे रात्र काढतात. त्यांच्या अंगावर पुरेसे कपडे नसतात तेव्हा ते राहून गेलेले नसतात, आणि तेव्हाही डबा तेच सभ्य दुर्लक्ष करतो. उघड्या पायांवर मफलर आणि उत्तम कोट असला की ती गंमत ठरते. या प्रकाराच्या कौतुकात ही बाजू फारशी कोणी मांडत नाही.

सातांचे पुढे दरवर्षी वाढत गेले. २००६ साली दीडशेच्या आसपास लोक जमले आणि पोलिसांनी गाडी थांबवून आठ जणांना बेड्या घातल्या. काळ लक्षात घ्यायला हवा. लंडनमधील बॉम्बस्फोटांनंतर, म्हणजे जुलै २००५ पासून, न्यूयॉर्कच्या स्टेशनांवर प्रवाशांच्या पिशव्या तपासल्या जात होत्या. अनोळखी गोष्ट म्हणजे संशयित गोष्ट, अशा मनःस्थितीत शहर होते. पण चड्डीवर प्रवास करण्याविरुद्ध कायदाच नव्हता. बेशिस्त वर्तनाचे आरोप न्यायालयात टिकले नाहीत. या निकालाने खोडीचे रूपांतर उत्सवात केले, असे मी म्हणेन. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये हजारो लोक येऊ लागले आणि दशकभरात जगातील साठेक शहरांत असे प्रवास निघू लागले.

इथेच तिचा जीव गेला. पहिल्या डब्यातल्या प्रवाशाला ठाऊक नव्हते, म्हणून गंमत होती. तारीख वर्तमानपत्रात छापून येऊ लागल्यावर फलाटावर छायाचित्रकार आधीच उभे राहू लागले. चड्डीवाल्यांनीच डबा भरला, तर आश्चर्य कोणाला वाटणार? शिवाय पहिल्या खेळात ‘आम्ही एकमेकांचे कोणी नाही’ हे सोंग हाच प्राण होता. हजारांच्या जमावाला ते कसे पेलणार? आपल्याकडे २७ नोव्हेंबर २०११ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोनशेहून अधिक जणांनी ‘रंग दे बसंती’च्या गाण्यावर अचानक नाच केला. गर्दीतून एकेक जण निघून सामील होण्याची रीत तीच. पण तिथे आधी रेल्वेची परवानगी होती आणि पाहणाऱ्याला पहिल्या ठेक्यालाच कळत होते की हा कार्यक्रम आहे. टॉडच्या सात जणांकडे ना परवानगी होती, ना गाणे.

न्यूयॉर्कमध्ये या गटाने शेवटचा प्रवास जानेवारी २०२० मध्ये काढला. दोन महिन्यांत करोना आला, त्याच गाड्या ओस पडल्या, आणि गटाने पुन्हा तो घाट घातला नाही. लंडनमध्ये २००९ पासून चालत आलेला प्रवास मात्र २०२३ च्या जानेवारीत पुन्हा सुरू झाला. तिथे त्याचे नाव वेगळे आहे: ‘नो ट्राउझर्स’. आपण इंग्रजी शिकलो ब्रिटिशांकडून, पण पँट म्हणजे पाटलोण हा अर्थ आपल्याकडे अमेरिकनांसारखा. अस्सल लंडनकराची ‘पँट्स’ म्हणजे आतली चड्डी. न्यूयॉर्कचे नाव तिथे जसेच्या तसे उचलले असते, तर पोलिसांना कलम शोधत बसावे लागले नसते.