तज्ज्ञाचा शोध : अजिंठ्याच्या शिलालेखापासून संशोधकसूचीपर्यंत

सोयगाव तालुक्यातील अजिंठा येथील सोळाव्या लेण्यात, ओसरीबाहेरच्या डाव्या भिंतीवर, वाकाटक नृपती हरिषेण याचा सचिव वराहदेव याने कोरविलेला एक संस्कृत लेख आहे. वाकाटकांची वंशावळ त्यात पद्यरूपाने आली आहे. परंतु पर्जन्याने व काळाने अक्षरे इतकी झिजली आहेत की, अनेक ठिकाणी वाचन तर्कावरच अवलंबून राहते. डॉ. भाऊ दाजी यांनी इ. स. १८६३ मध्ये अजिंठ्याच्या लेखांचे वाचन प्रसिद्ध केले. पुढे भगवानलाल इंद्रजी व ब्यूलर यांनी ते सुधारले. तरीही पहिल्या प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव या जुन्या वाचनांत 'रुद्रसेन' असेच राहिले. कारण अन्य ताम्रपटांवरून ज्ञात असलेले नाव तेच होते. १९३९ साली वाशीमचा ताम्रपट उजेडात आला. त्यात प्रवरसेनाचा पुत्र म्हणून सर्वसेन याचा उल्लेख होता. त्या ताम्रपटाचा अभ्यास केलेले नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासला, आणि त्यांचे वाचन १९४१ मध्ये हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्वखात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. भिंतीवरचे नाव 'सर्वसेन' असे ठरले व वत्सगुल्म शाखेचा इतिहास मार्गी लागला.

लेख निजामाच्या राज्यात, ताम्रपट वऱ्हाडात आणि वाचक नागपुरास. या तिहींचा योग जुळून येण्यास भाऊ दाजींच्या वाचनापासून अठ्ठ्याहत्तर वर्षे लागली. अर्थात ताम्रपट सापडण्यापूर्वी हे घडणे कठीणच होते. परंतु तो सापडल्यावर दोनच वर्षांत हे घडले, याचे श्रेय तत्कालीन विद्वद्वर्गाच्या परस्पर-परिचयाला द्यावे लागेल. कोणत्या विषयात कोणाचा अधिकार आहे, याची नोंदवही त्या काळी छापलेली नव्हती; ती माणसांच्या स्मरणात होती. १८७२ साली बर्जेस यांनी मुंबईत सुरू केलेली 'इंडियन अँटिक्वरी', १९१९ साली पुण्यास भांडारकर संस्थेत भरलेली पहिली प्राच्यविद्या परिषद, १९३५ साली पुण्यातच सुरू झालेली इतिहास परिषद, ही या स्मरणाची पोषणस्थाने होत. या वर्तुळाबाहेर राहिलेल्या शास्त्र्याची, दप्तरदाराची वा कारागिराची विद्या मात्र बहुधा त्याच्याबरोबरच गेली.

तज्ज्ञ सापडला तरी तो योग्य तज्ज्ञ असतोच असे नाही. याचे उदाहरणही अजिंठ्यातच मिळते. १९२० साली हैदराबाद संस्थानाने तेथील चित्रांच्या रक्षणासाठी चेक्कोनी व ओर्सिनी हे दोन इटालियन जाणकार आणविले. निखळू पाहणारा गिलावा त्यांनी भिंतीला पुन्हा घट्ट बसविला, हे उपकार मोठेच. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा लेप कालांतराने काळवंडला व पुढील पिढ्यांना तो काढीत बसावे लागले. इटलीतील भित्तिचित्रे पुष्कळदा ओल्या चुन्यावर रंगविलेली असतात. अजिंठ्याची मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठावर रंगविलेली आहेत. दोहोंना 'भित्तिचित्र' हा एकच शब्द लागू पडतो. विषयाचे नाव जुळले म्हणजे विद्या जुळली, असे नव्हे.

अलीकडे हेच काम संगणकीय यंत्रणांकडे आले आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात २००३ साली जीवशास्त्रीय संशोधकांसाठी 'व्हिवो' या नावाची यंत्रणा सुरू झाली. २००९ मध्ये तेथील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेने सात संस्थांना मिळून १ कोटी २२ लक्ष डॉलरांचे साहाय्य दिले, आणि २०१० मध्ये तिची पहिली परिषद भरली. ग्रंथपाल, संगणकज्ञ व विद्यापीठांचे संशोधन-प्रशासक असे एरव्ही एकत्र न येणारे लोक तेथे एका व्यवसायाचे म्हणून बसू लागले. नुसती नामावली त्यांना अभिप्रेत नव्हती. व्यक्ती, तिचा ग्रंथ, संस्था, सहकारी व विषय यांतील संबंध नोंदविणे हे त्यांचे उद्दिष्ट होते. भारतात गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने उभारलेली 'विद्वान' ही सूची आणि संस्थांसाठीची 'आयरिन्स' ही यंत्रणा याच कुळातील होत. 'कॅलिबर' या इन्फ्लिबनेटच्या परिषदेत विद्यापीठीय ग्रंथपाल १९९४ पासून भेटत आले आहेत. प्राच्यविद्या परिषदेच्या जुन्या कार्याचा काही अंश आज त्यांच्या हाती आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मराठीपुरता विचार करता या यंत्रणांची खरी अडचण नावाशीच सुरू होते. 'भाऊ दाजी' म्हणून विख्यात असलेल्या गृहस्थांचे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. रामकृष्ण गोपाळ भांडारकर व त्यांचे पुत्र देवदत्त रामकृष्ण, दोघेही कोरीव लेखांचे जाणकार. आद्याक्षरे गाळली की दोघांचे कार्य एकाच खात्यावर जमा होते. खुद्द सोयगावचे नाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी आढळते. कधी मधला य गळतो, तर कधी त्यापुढे अधिक अ येतो. माणसाला ही तिन्ही एकच वाटतात, यंत्राला तीन गावे. २०१२ पासून संशोधकांना मिळू लागलेला 'ऑर्किड' हा सोळा अंकी क्रमांक व्यक्तींपुरता यावर उपाय आहे. पण दिवंगत विद्वानांना तो कोण काढून देणार?

याहून गंभीर गोष्ट लेखनाच्या भाषेची आहे. अशा यंत्रणा प्रकाशनांची माहिती बव्हंशी इंग्रजीप्रधान निर्देश-सूचींतून आपोआप उचलतात. मिराशींचा 'वाकाटक नृपति आणि त्यांचा काल' हा १९५७ चा ग्रंथ मराठीत आहे. तशाच दर्जाचा ग्रंथ आज एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाने मराठीत लिहिला, तर सूचीतील त्याच्या नावापुढे तो आपोआप येण्याची शक्यता अल्पच. तो ज्याचा त्यानेच हाताने नोंदवावा लागतो. परीक्षक, मार्गदर्शक वा समिती-सदस्य निवडताना अशी सूचीच पुढे ठेवली, तर मराठीत लिहिणारा जाणकार तेथे कोऱ्या पानासारखा दिसेल. नोंदणी ही तांत्रिक बाब समजून विभागांनी ती कार्यालयाकडे सोपविली आहे, आणि तेथील लिपिकाला ताम्रपटाचा अभ्यासक व नाणेशास्त्राचा अभ्यासक यांतील भेद माहीत असण्याचे कारण नाही. तो भेद विभागातील अध्यापकांनाच ठाऊक असतो.