विश्वस्थितिशास्त्रातील सदृशीकरण पद्धती
विश्वाची प्रतिकृती प्रयोगशाळेत घडवून तिच्यावर प्रयोग करणे शक्य नसते. त्यामुळे विश्वस्थितिशास्त्रात व विश्वकिरणांच्या अभ्यासात भौतिकीचे नियम संगणकास पुरवून त्यांतून घडणाऱ्या कृत्रिम विश्वाची प्रत्यक्ष निरीक्षणांशी तुलना केली जाते. या रीतीस सदृशीकरण म्हणतात.

या पद्धतीचा उगम संगणकापूर्वीचा आहे. स्वीडनमधील लुंड येथे एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ मध्ये दोन दीर्घिकांच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) जवळून जाण्याचा अभ्यास विजेच्या दिव्यांच्या साहाय्याने केला. प्रकाशाची तीव्रता गुरुत्वाकर्षणाप्रमाणेच अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, ही त्यामागील साधी पण विलक्षण कल्पना. प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ दिवे मांडून त्यांच्या जागी प्रकाशविद्युत् घटाने प्रकाश मोजावयाचा, त्यावरून प्रेरणा काढावयाची व दिवे थोडे सरकवून पुन्हा मोजावयाचे, असा हा कष्टप्रद क्रम होता. दीर्घिकांमध्ये भरतीसारखी विरूपणे निर्माण होऊन सर्पिल भुजा उद्भवतात, असे त्यातून दिसले.

१९६० नंतर हे काम संगणकाकडे आले. सेबास्टियन फोन हर्नर व स्व्हेर ऑर्सेट यांनी प्रारंभीची गणिते केली. जेम्स पीबल्स यांनी १९७० मध्ये अरुंधती केश तारकासमूहाच्या दिशेने दिसणाऱ्या दीर्घिकागुच्छाची घडण ३०० कणांच्या साहाय्याने अभ्यासली. मुख्य अडचण संख्येची होती. १,००० कणांतील परस्पर आकर्षणाच्या जोड्या सुमारे ५ लाख भरतात, आणि गणिताच्या प्रत्येक टप्प्यास त्या नव्याने मोजाव्या लागतात. दूरच्या कणांचा समूह एकच कण मानणारी जोशुआ बार्न्स व पीट हट यांची वृक्षपद्धती (१९८६) आणि अवकाशावर जाळी कल्पून करावयाची गणिते यांनी हा भार पुष्कळ हलका केला.

पद्धतीची खरी कसोटी अदृश्य द्रव्याच्या प्रश्नावर लागली. मॉस्को येथील एका गटाने १९८० मध्ये न्यूट्रिनोला सुमारे ३० इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतके द्रव्यमान असल्याचे जाहीर केले, तेव्हा अदृश्य द्रव्य सापडलेच असे अनेकांस वाटले. परंतु वेगवान न्यूट्रिनो लहान प्रमाणावरील घनता-भेद पुसून टाकतात. त्यामुळे अशा विश्वात प्रथम महागुच्छ व नंतर दीर्घिका निर्माण होतात. सायमन व्हाइट, कार्लोस फ्रेंक व मार्क डेव्हिस यांनी १९८३ मध्ये दाखविले की, असे विश्व प्रत्यक्षापेक्षा फारच गुच्छमय ठरते. मॉस्कोचे मापनही पुढे टिकले नाही. एका मूलकणाचा दावा आकाशातील दीर्घिकांच्या मांडणीवरून निकालात निघावा, ही गोष्ट त्या काळी नवीनच होती. जॉर्ज एफस्टाथ्यू यांच्यासह याच गटाने १९८५ मध्ये ३२,७६८ कण वापरून मंदगती कणांचे 'शीत' अदृश्य द्रव्य अधिक जुळते असल्याचे दाखविले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मिलेनियम' सदृशीकरणात कणांची संख्या १,००० कोटींवर गेली. भारतात पुण्याच्या आंतर-विद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्रात (आयुका) थानू पद्मनाभन व जसजीत सिंग बागला यांनी १९९० नंतरच्या दशकात या विषयावर काम केले. वृक्ष व जाळी यांचा मेळ घालणारी बागला यांची पद्धती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली.

विश्वकिरणांच्या क्षेत्रात सदृशीकरणाशिवाय मापनच अपुरे राहते. वातावरणात शिरलेल्या एका कणापासून लक्षावधी कणांचा वर्षाव होतो. जमिनीवर दिसतो तो त्याचा शेवटचा अंश. मूळ कणाची ऊर्जा व प्रकार ठरविण्यासाठी यदृच्छ संख्यांवर आधारलेल्या माँटे कार्लो पद्धतीने असे असंख्य वर्षाव संगणकात घडवावे लागतात. मायकेल हिलास यांनी १९८५ मध्ये अशाच गणितांवरून गॅमा किरणांच्या प्रतिमा ओळखण्याची रीत सुचविली. तिच्यामुळे १९८९ मध्ये अमेरिकेतील व्हिपल वेधशाळेस क्रॅब अभ्रिकेतील अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण निश्चितपणे ओळखता आले. जर्मनीतील कार्ल्सरूए येथे तयार झालेली 'कोर्सिका' ही आज्ञावली उटी येथील 'ग्रेप्स-३' प्रयोगातही वापरली जाते. तथापि अर्जेंटिनातील प्येर ओजे वेधशाळेस अत्युच्च ऊर्जेच्या वर्षावांत सदृशीकरणाने वर्तविल्यापेक्षा अधिक म्यूऑन आढळले आहेत. ही उणीव कणांच्या टकरींविषयीच्या गृहीतकांत असावी, असा अनेकांचा तर्क आहे.