विंचू उतरला तो कसा?

‘विंचू उतरविणे’ हा वाक्प्रचार आपल्या भाषेत फार जुना आहे. नांगी लागली की वेदना ‘चढते’ आणि जाणता माणूस ती ‘उतरवितो’, अशी ही कल्पना. आमचे इचोडा आदिलाबादच्या दक्षिणेस, नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावर वसलेले आहे. या सीमाभागात मराठी, तेलुगू आणि गोंडी बोलणारे एकमेकांच्या शेजारी राहतात. भाषा निरनिराळ्या असल्या तरी विंचवाची धास्ती मात्र सर्वांची एक. एकनाथ महाराजांच्या भारुडातील विंचू कामक्रोधाचा आहे. पण दंशानंतर अंगाला सुटणाऱ्या घामाचा उल्लेख तेथेही आहे. म्हणजे हे लक्षण आपल्या पूर्वजांनी चारशे वर्षांपूर्वीच टिपले होते. त्या घामाचा अर्थ लागण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले. तो अर्थ कसा लागला आणि त्यात एका मराठी ग्रामीण डॉक्टरचा वाटा किती मोठा आहे, हे सांगण्याचा आमचा हा प्रयत्न आहे.

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. या पेशी एकमेकींशी बोलतात कशा? एकोणिसाव्या शतकाअखेरपर्यंत विद्वानांचे उत्तर ठरलेले होते : मज्जातंतूंच्या तारांमधून. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे सर्व मज्जातंतू कापून टाकले आणि त्या भागात आम्ल सोडले. तार तुटली होती, तरीही स्वादुपिंडातून पाचकरस स्रवू लागला. निरोप रक्तातून गेला होता. अशा रासायनिक निरोप्यांना स्टार्लिंग यांनी १९०५ साली ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. त्यालाच आपण संप्रेरक म्हणतो.

पुढे १९२१ साली ओटो लोवी यांनी आणखी नवल दाखविले. बेडकाच्या हृदयाचा वेग मंदावणारा मज्जातंतू त्यांनी उत्तेजित केला आणि त्या हृदयाभोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयावर सोडले. दुसरे हृदयही मंदावले. याचा अर्थ, मज्जातंतूसुद्धा आपल्या टोकाशी एक रसायन सोडूनच बोलतो. या संशोधनाबद्दल लोवी आणि हेन्री डेल यांना १९३६ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु निरोप पोहोचण्यास तो स्वीकारणाराही हवा. केंब्रिजच्या लँगली यांनी १९०५ मध्येच पेशीवर असा स्वीकारणारा पदार्थ असला पाहिजे, असे मांडले होते. त्याला आज ग्राही म्हणतात. १९४८ साली अमेरिकेच्या रेमंड अल्क्विस्ट यांनी दाखवून दिले की, ॲड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांसाठी शरीरात दोन प्रकारचे ग्राही आहेत : अल्फा आणि बीटा. अल्फाला निरोप मिळाला की रक्तवाहिन्या आवळतात. बीटाला मिळाला की हृदय जोराने धडधडते. त्या वेळी हा भेद अनेकांना केवळ पुस्तकी वाटला असेल. कोकणातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यावर माणसांचे प्राण वाचावयाचे होते.

आता विंचवाकडे वळू. दख्खनच्या पठारावर आणि कोकणात आढळणारा लाल विंचू आकाराने लहान, पण सर्वांत घातक. आपल्याकडील बहुतेक विंचवांच्या दंशाने वेदना होते आणि दिवसभरात ती आपोआप शमते. म्हणूनच मंत्राची प्रतिष्ठा टिकली. जे बरे होणारच होते त्यांचे श्रेय मांत्रिकाला मिळाले आणि जे दगावले त्यांचे आयुष्यच तेवढे होते, असे ठरले. लाल विंचवाची गोष्ट वेगळी. त्याचे विष मज्जातंतूंवरील सोडियमची सूक्ष्म दारे उघडीच ठेवते. मग तंतूंची टोके आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी आपले निरोपे बेसुमार सोडू लागतात. प्रथम उलट्या आणि दरदरून घाम; मागोमाग हातपाय थंडगार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि फुफ्फुसांत पाणी साचते. बारकाईने पाहिले तर येथे विष स्वतः प्राण घेत नाही. शरीराचेच निरोपे, एरवी जे आपले रक्षण करतात, ते थांबेनासे होतात.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. जालना जिल्ह्यातील एका खेड्यातून आलेल्या या तरुणाने नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले होते. भातशेतीतून, गवताच्या भाऱ्यांतून, कौलारू घरांतून विंचू चावलेली माणसे तेथे येत. त्यांत लहान मुले पुष्कळ. गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. स्टेरॉइड, ॲट्रोपिन, गुंगी आणणाऱ्या औषधांचे मिश्रण असे उपचार चालत, पण त्यांचा उपयोग होत नसे.

डॉ. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या. घाम केव्हा सुटला, हातपाय केव्हा थंड पडले, नाडी आणि रक्तदाब तासातासाने कसे बदलले, हे सारे त्यांनी लिहून ठेवले. आमचे आयुष्य शासकीय सेवेत गेले. नोंदवही बहुधा वरिष्ठांच्या तपासणीसाठी भरली जाते, हे आम्ही जाणतो. येथे ती रुग्णासाठी भरली गेली आणि तिच्यातून एक शास्त्र उभे राहिले. १९८२ साली ही लक्षणे ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

या नोंदींतून दिसत होते ते अल्फा ग्राहींवर लोटलेल्या निरोपांचेच चित्र. मग उपाय कोठे शोधावयाचा? सुटलेले निरोपे परत बोलावता येत नाहीत. पण ते ज्या दारावर थाप मारतात ते दार बंद करता येते. प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध नेमके हेच करते : अल्फा ग्राहींना अडविते. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ते वापरले. १९८६ साली त्यांचा अनुभव ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण पुढे सुमारे एक टक्क्यावर उतरले. औषध स्वस्त, तोंडाने घेण्याजोगे आणि खेड्यातही ठेवता येणारे. विंचू खऱ्या अर्थाने ‘उतरला’ तो असा.

ते तेथेच थांबले नाहीत. मुंबईच्या हाफकिन संस्थेच्या परंपरेतून लाल विंचवाची प्रतिलस उपलब्ध झाल्यावर त्यांनी महाड येथे ७० रुग्णांवर पद्धतशीर तुलना केली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात केवळ प्राझोसिन घेणाऱ्यांना बरे होण्यास सरासरी १७.७ तास लागले. प्राझोसिनसोबत प्रतिलस मिळालेल्यांना ८ तास. एक उपाय दार बंद करतो, दुसरा निरोपे सोडणाऱ्या विषालाच धरतो. दोन्ही मिळून काम लवकर होते. पुढे २०१२ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल याच जातीच्या ग्राहींच्या अभ्यासासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का यांना मिळाले. २०२२ साली डॉ. बावस्करांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या, सरपणाचा ढीग, गोवऱ्यांची रास आणि अंधारात चाचपडणारा हात आजही आपल्या भागात आहेत. दंश झाला की पहिले तास मोलाचे असतात आणि ते अजूनही पुष्कळदा उतारा शोधण्यात जातात. मांत्रिकाची निर्भर्त्सना करून काही साधत नाही. तो बहुधा गावातलाच सद्हेतू माणूस असतो. त्यालाच एवढे समजावून द्यावे की घाम दरदरून सुटला, उलट्या झाल्या, हातपाय थंड पडले, तर हे साधे दुखणे नव्हे आणि रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रुग्णास आडवे ठेवूनच द्यावयाचे असते; घरी गोळी देण्याचे हे काम नाही.

लंडनच्या प्रयोगशाळेतील १९०२ सालचे निरीक्षण बिरवाडीच्या आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचण्यास आठ दशके लागली. बिरवाडीपासून आपल्या वाड्यावस्त्यांपर्यंतचे अंतर तोडण्याचे काम आता आपल्याकडे आहे.