अवसादरोधी औषधांच्या प्रतिसादाचे जैविक निर्देशक

अवसादाने (विषण्णतेने) पीडित रुग्णास कोणत्या औषधाने गुण येईल, हे उपचारापूर्वीच सुचवू शकतील अशी रक्त, मूत्र, मस्तिष्क-मेरुद्रव, मेंदूचे विद्युत् कार्य किंवा आनुवंशिक घटक यांतील मापनयोग्य लक्षणे. त्यांचा शोध सहा दशकांहून अधिक काळ चालू आहे. ही औषधे घेऊ लागल्यावर गुण येण्यास सामान्यतः दोन ते सहा आठवडे लागतात. अमेरिकेत सुमारे चार हजार रुग्णांवर झालेल्या व २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पहिल्या औषधाने पूर्ण आराम पडलेल्यांचे प्रमाण जेमतेम एक-तृतीयांश होते. उरलेल्यांना औषध बदलून पुन्हा वाट पाहावी लागते. या अवधीत आत्महत्येचा धोका टळलेला नसतो आणि निराश होऊन उपचार सोडणारेही पुष्कळ असतात.

या शोधाची पूर्वपीठिका काही अंशी मुंबईत आहे. सर्पगंधा ही वनस्पती आयुर्वेदीय परंपरेत उन्मादावर वापरली जात असे. रक्तदाबाधिक्यावरील तिच्या उपयोगाचा अनुभव मुंबईचे हृद्रोगतज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केल्यावर पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष वेधले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रेसर्पीन हे अल्कलॉइड वेगळे करण्यात आले. ते घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांत विषण्णता उद्‌भवल्याचे वृत्तान्त आले. रेसर्पिनामुळे मेंदूतील सेरोटोनिनाचा साठा घटतो, हे १९५५ साली प्राण्यांवरील प्रयोगांत दिसून आले. इमिप्रामीन (रोलांट कून, १९५७) व इप्रोनियाझिड ही औषधे याच सुमारास प्रचारात आली. या सर्वांतून, ॲमिनांच्या न्यूनतेमुळे अवसाद होतो, ही उपपत्ती १९६५ च्या सुमारास मांडली गेली. रेसर्पिनामुळे खरा अवसाद होतो याला मिळणारा पुरावा मात्र पुढील परीक्षणांत दुबळा ठरला.

उपपत्ती खरी असेल तर ॲमिनांची अपघटनद्रव्ये मोजून औषध निवडता यावे, असा तर्क साहजिकच होता. मूत्रातील नॉरॲड्रेनॅलिनाचे एक चयापचयजन्य द्रव्य ज्यांच्यात कमी, त्यांना इमिप्रामिनाने चांगला गुण येतो, असे १९७२ साली अमेरिकेतील मास व सहकाऱ्यांना आढळले. तथापि या द्रव्याचा बराच भाग मेंदूबाहेर तयार होतो. नंतरच्या निष्कर्षांत एकवाक्यता राहिली नाही व ही कसोटी मागे पडली. मस्तिष्क-मेरुद्रवातील सेरोटोनिनजन्य द्रव्य कमी असण्याचा संबंध औषधाच्या गुणापेक्षा आत्महत्येच्या प्रयत्नांशी अधिक जुळला (स्वीडन, १९७६).

सर्वांत मोठी आशा डेक्सामेथासोन कसोटीने निर्माण केली. रात्री ११ वाजता १ मिग्रॅ. डेक्सामेथासोन दिल्यावर निरोगी व्यक्तीच्या रक्तातील कॉर्टिसोल दुसऱ्या दिवशी घटलेले असते. तीव्र अवसादाच्या अनेक रुग्णांत ते घटत नाही. बर्नार्ड कॅरोल यांनी १९८१ साली ही कसोटी प्रमाणित केली. तेव्हा मानसोपचारालाही रक्ततपासणी लाभली, असे अनेकांना वाटले. परंतु वजनातील घट, मद्यपान व इतर आजार यांमुळेही कसोटी सदोष ठरते. औषध निवडण्यास तर तिचा फारसा उपयोग झाला नाही. उपचारानंतरही कॉर्टिसोल न घटल्यास विकार उलटण्याचा संभव अधिक, एवढेच तिच्यातून हाती लागले.

आनुवंशिक निर्देशकांची गत थोडीफार अशीच झाली. सेरोटोनिनवाहक प्रथिनाच्या जनुकाचा लांब प्रकार असलेल्यांना गुण चांगला येतो, असे १९९८ साली इटलीत आढळले. कोरियात नेमके उलट दिसले. पूर्ण जीनसंचाची छाननी करणाऱ्या, दोन हजारांहून अधिक रुग्णांवरील २०१३ च्या अभ्यासात निर्णायक असे एकही जनुक सापडले नाही. या सर्व कसोट्यांत समूहांच्या सरासरीतील फरक खरा असला, तरी दोन्ही समूह एकमेकांत इतके मिसळलेले असतात की समोरच्या एका रुग्णाविषयी निश्चित सांगता येत नाही.

टिकून राहिले ते औषधाच्या शरीरातील वाटचालीचे मापन. नॉरट्रिप्टिलिनाचे रक्तद्रवातील प्रमाण मि.लि. मागे ५० ते १५० नॅनोग्रॅम या मर्यादेत असता गुण उत्तम येतो. त्याहून अधिक झाल्यास उलट कमी होतो, असे स्वीडनमध्ये १९७१ साली दाखविण्यात आले. एस्सिटॅलोप्रामसारख्या औषधांचे अपघटन करणारे यकृतातील एक एंझाइम युरोपीयांपैकी सु. २ ते ५ टक्के लोकांत निष्क्रिय असते. भारतीयांत हे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक आहे. अशा व्यक्तींत नेहमीच्या मात्रेनेही औषध साचते. हा निर्देशक मात्रा ठरवितो. गुण येईलच असे सांगत नाही. म्हणूनच कदाचित तो विश्वासार्ह ठरला.

कसोटीचे मोल ती कोठे करता येते यावरही अवलंबून असते. मेंदूच्या प्रतिमांकनावर आधारलेले निर्देशक मोठ्या शहरांतील संस्थांपुरतेच राहतात. नाशिकपासून सु. ६४ किमी.वर, मुंबई-आग्रा महामार्गावर असलेल्या चांदवडसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णास औषध बदलण्यासाठी होणारी प्रत्येक खेप म्हणजे एका दिवसाचे काम बुडणे होय. या दृष्टीने सी-रिॲक्टिव्ह प्रथिनाची साधी, स्वस्त तपासणी लक्षणीय आहे. शोथदर्शक असे हे प्रथिन लिटरमागे १ मिग्रॅ. हून कमी असणाऱ्यांना एस्सिटॅलोप्राम व अधिक असणाऱ्यांना नॉरट्रिप्टिलीन अधिक लागू पडले, असे २०१४ च्या एका युरोपीय अभ्यासात आढळले. मात्र साधा संसर्ग, हिरड्यांचा विकार वा स्थूलपणा यांमुळेही हे प्रथिन वाढते. त्यामुळे पहिल्या दोन आठवड्यांत लक्षणांत किमान पाचव्या हिश्शाने घट झाली की नाही, हे पाहणेच आजही अधिक उपयुक्त ठरते. त्यास प्रयोगशाळा लागत नाही. रुग्णाला ठरल्या दिवशी पुन्हा बोलावून नीट विचारपूस करावी लागते.