नावातले भूत

अमेरिकेतील पाच सेंटच्या नाण्याला 'निकेल' म्हणतात. रोजच्या इंग्रजीतला हा शब्द मुळात जर्मन खाणकामगारांचा. सॅक्सनीतील एक लालसर खनिज त्यांना तांब्याचे वाटे. भट्टीतून मात्र तांबे निघत नसे. म्हणून त्याचे नाव पडले 'कुप्फरनिकेल', म्हणजे तांब्यातले खट्याळ भूत. दुसऱ्या एका खनिजाच्या धुराने माणसे आजारी पडत. त्याला ते 'कोबोल्ड', म्हणजे खाणीतले पिशाच्च म्हणू लागले, त्यावरून कोबाल्ट. पुढे स्वीडनमध्ये ब्रांट यांनी १७३५ च्या सुमारास कोबाल्ट, तर क्रोनस्टेट यांनी १७५१ मध्ये निकेल हा स्वतंत्र धातू असल्याचे दाखवले. धुरातले विष होते आर्सेनिकचे. भूत गेले, नाव राहिले. प्रयोगशाळेत आम्ही ही नावे सहज उच्चारतो; वर्गात मात्र त्यांच्यामागच्या आजारी कामगारांची आठवण आपण करून द्यायला हवी.