मातीतून उडून जाणारा पुरावा

बाष्पनशील सेंद्रिय संयुगांसाठी मातीची तपासणी करणे अवघड असते, कारण नमुना हाताळतानाच ती उडून जातात. पूर्वी माती रुंद तोंडाच्या बरणीत भरत. बरणी उघडताच बाष्पाचा मोठा भाग निघून जाई आणि अहवालात प्रदूषण कमी दिसे. 1990च्या दशकात अमेरिकेत पद्धत बदलली: नळीने काढलेली माती न ढवळता थेट मिथेनॉल असलेल्या बंद कुपीत टाकायची, थंड ठेवायची, मग गॅस क्रोमॅटोग्राफने मोजायची.

भारतात हा प्रश्न भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात तीव्रतेने पुढे आला. नागपूरच्या नीरी संस्थेने 1997च्या अहवालात तिथली माती दूषित असल्याचे नोंदवले. भूजल मात्र सुरक्षित मानले. 1999मध्ये ग्रीनपीसच्या तपासणीत भूजलात क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड ही बाष्पनशील संयुगे आढळली. लोक ते पाणी पीत होते. त्यामुळे दोन तपासण्यांतील हा फरक केवळ तांत्रिक ठरत नाही. 2010मध्ये नीरीने दूषित मातीचा अंदाज सुमारे 11 लाख टन दिला.

काळ्या मातीच्या भागात उन्हाळी भेगांतून बाष्पाला वाट मिळते, म्हणून तिथे नमुना कोणत्या हंगामात, किती खोलीवरून घेतला हेही नोंदवावे लागते.