वलंदेजांचा तांब्याचा डॉइट

वलंदेजांच्या, म्हणजे डचांच्या, ईस्ट इंडिया कंपनीचे डॉइट हे तांब्याचे नाणे ओळखण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. एका अंगास मोठ्या ‘व्ही’च्या दोन्ही पायांत गुंफलेली ‘ओ’ आणि ‘सी’ ही अक्षरे व त्यांखाली सन, आणि दुसऱ्या अंगास ज्या प्रांताच्या टांकसाळीत ते पडले त्याची मुकुटधारी ढाल. लाटांतून वर येणारा सिंह दिसला की नाणे झीलंडचे समजावे.

परंतु कंपनीला आपल्या नावाची ही आद्याक्षरे अशा क्षुद्र नाण्यावर घालण्याची गरज का भासावी? हॉलंडात आठ डॉइटांचा एक स्टायव्हर होई, जावातील बटाव्हियाच्या बाजारात मात्र चारांतच तो पुरा होई. ही तफावत खलाशांच्या ध्यानात आल्यावाचून कशी राहणार! मायदेशची मोड ते चोरून पूर्वेकडे आणू लागले, आणि जो नफा कंपनीने आपला हक्क मानला होता तो त्यांच्या पदरी पडू लागला, तेव्हा १७२६ पासून कंपनीने स्वतःच्या शिक्क्याचे डॉइट पाडवून घेतले आणि साध्या डॉइटांस आपल्या मुलखात मनाई केली. भाव तोच राहिला, लाभ तेवढा धन्याकडे वळला; यास बंदोबस्त म्हणावे की सराफी, हे ज्याने त्याने ठरवावे.

हाच सन आपल्याकडील एका हौशी तर्काचाही निकाल लावतो. कोकणात असे नाणे निघाले की ते वेंगुर्ल्याच्या वलंदेजी वखारीतलेच, असे ठासून सांगणारे भेटतात. पण १६३७ ची ती वखार सतराव्या शतकातच उठली, तेव्हा या शिक्क्याचा जन्मही झालेला नव्हता. कोची किंवा सिंहलद्वीप येथून ते व्यापाराच्या ओघात आले असणे अधिक संभवनीय. तथापि सनावरही सर्वस्वी विसंबू नये, कारण १७९९ अखेर कंपनी लयास गेल्यावरही १७९० हाच सन घालून एकोणिसाव्या शतकात डॉइट पाडले गेले.

मोलाविषयी बोलायचे तर अपेक्षा बेताचीच ठेवावी. हे नाणे अमाप पडले, म्हणून झिजलेल्या नगास किरकोळ किंमत येते. अक्षरे, सन आणि ढालीवरील रेषा तीक्ष्ण असतील तर ती बरीच चढते, आणि त्याच ठशाने चांदीत पाडलेले विरळ नग तर निराळ्याच पंक्तीतले. मात्र देवघरातील भांड्यांप्रमाणे त्यास चिंच लावून लख्ख करणाऱ्या गृहस्थाने ती तपकिरी झिलई आणि तिच्याबरोबर निम्मेअधिक मोल मोरीत वाहून घालविले, असेच जाणता सराफ म्हणेल.